म्हाताऱ्या माणसाची तक्रार कोणी ऐकायची?



आज आपण वृद्धाश्रमांविषयी बोलणार आहोत. वृद्धाश्रम असावेत की नसावेत, हा वाद लग्नकार्यापासून हरिनाम सप्ताहापर्यंत सगळीकडं चालतो. कोणी पुंडलिकाचं नाव घेतं, कोणी श्रावणबाळाचं, आणि शेवटी सगळा दोष सुनेच्या पदरात टाकून मंडळी पंगतीला उठतात. तो वाद आज बाजूला ठेवू. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आश्रमात ठेवलेल्या माणसाचे तिथं हाल होत असतील, तर ते सांगायचे कोणाला? आणि सांगितल्यावर खरंखोटं करायचं कोणी? या प्रश्नाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या उपयोगाचं पुष्कळ आहे.

आधी आपल्या पाटण तालुक्याकडं बघू. कोयना आणि केरा या नद्यांच्या काठानं आणि डोंगराच्या उतारानं आपली गावं वसली. शेत तुकड्यातुकड्यांचं, पाऊस धो धो, आणि वर्षभर पुरेल एवढं पिकायची मारामार. म्हणून इथल्या गड्यांनी मुंबईची वाट धरली. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी बाजारात पाठीवर ओझी वाहायला. माथाडी कामगारांना एकत्र आणणारे अण्णासाहेब पाटील आपल्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि आपल्या कितीतरी घरांत पगाराचा पैसा यायला लागला. पण गडी मुंबईत होता तेव्हा गावात कोण होतं? सासू-सासरे, पोरंबाळं आणि सून. म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं, औषधपाणी, रात्रीचं जागरण हे सगळं तिनं केलं. त्याची नोंद कुठल्या वहीत झाली नाही, म्हणून ते फुकट होतं असं सगळ्यांना वाटत राहिलं.

पुढं कोयना धरणासाठी गावं उठली, माणसं लांबलांबच्या जिल्ह्यांत वसवली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगरचा परिसर जमीनदोस्त केला. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. अशा प्रत्येक आघातानंतर तरणी माणसं थोडी आणखी लांब गेली. आज सूनही घणसोलीला, कोपरखैरण्याला नाहीतर पुण्याला असते, आणि ती स्वतः कामावर जाते. गावातली म्हातारी एकटी पडते. मग कोणीतरी कराडकडचा, सातारकडचा आश्रम सुचवतं. म्हणून हा विषय आता आपल्या उंबऱ्याच्या आत आलेला आहे.

आता इतिहास. आपल्याकडं निराधारांसाठी धर्मशाळा होत्या, अन्नछत्रं होती, देवळाच्या ओवऱ्या होत्या. भाकड आणि म्हाताऱ्या जनावरांसाठी मुंबईत १८३४ साली पांजरपोळ निघाली. म्हाताऱ्या, पंगू माणसांसाठी कायमचा आसरा मात्र त्यानंतर आला. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात अनाथ-पंगूगृह उभं राहिलं. आज पुणेकर ते ‘निवारा’ या नावानं ओळखतात. हे काम मोठं होतं, यात शंका नाही. पण त्या काळचे सगळेच आसरे दयेवर उभे होते. आणि दयेविरुद्ध तक्रार करता येत नाही, हीच या इतिहासातली पहिली अडचण आहे. दान घेणाऱ्यानं ताटातली अळी दाखवली, की लोक अळीकडं बघत नाहीत, त्याच्या कृतघ्नपणाकडं बघतात.

ही अडचण एकट्या आपल्या देशाची नव्हती. इंग्लंडमध्ये गरिबांसाठी ‘वर्कहाऊस’ असत. म्हातारी, आजारी आणि बेकार माणसं तिथं राहत आणि राबत. १८४५ साली अँडोव्हर गावच्या वर्कहाऊसची गोष्ट बाहेर आली. खतासाठी जनावरांची हाडं कुटायचं काम तिथल्या माणसांना दिलं होतं. त्यांना इतकं कमी खायला मिळत होतं, की त्या हाडांना चिकटलेलं कुजकं मांस आणि आतला मगज ती खात होती. तिथल्याच व्यवस्थापन मंडळातल्या एका सभासदानं ही गोष्ट उघड केली. वर्तमानपत्रांनी ती लावून धरली, पार्लमेंटनं चौकशी समिती नेमली, आणि १८४७ मध्ये गरिबांचा कायदा राबवणारं वरचं आयोगच बदलावं लागलं. उपाशी माणसं आत होती, पण त्यांचं म्हणणं बाहेर आलं ते बाहेरून आत जाणाऱ्या एका माणसामुळं. हा धडा पुढं पुन्हा पुन्हा दिसतो.

आपल्या महाराष्ट्रात अशा चौकशीचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो एका बाईच्या संस्थेवरून. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. बालविधवांना राहायला जागा आणि शिक्षण, असं त्याचं काम. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. मुलींना ख्रिस्ती धर्माकडं वळवलं जातं, अशी तक्रार उठली. ‘केसरी’नं ती लावून धरली, आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. त्या तक्रारीत किती तथ्य होतं, यावर जाणकार आजही वाद घालतात. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तो सगळा वाद बाहेरच्या मोठ्या माणसांमध्ये झाला. घरी परत नेल्यावर त्या पोरींच्या वाट्याला काय येणार, हा चौकशीचा मुद्दा झाला नाही. तक्रार एकाच्या नावाची आणि भांडण दुसऱ्याचं, असं आजच्या आश्रमांच्या बाबतीतही होतं. वाटणीवरून भांडणारे भाऊ आईच्या हालांची तक्रार करतात, आणि आईला कोणी काही विचारत नाही.

त्याच रमाबाई चार वर्षांनी स्वतः तक्रारदार झाल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. आजारी आणि संशयित माणसांना सक्तीनं रुग्णालयात आणि छावण्यांत नेत होते. तिथं बायकांची काय दशा होते, त्यांची अब्रू किती सुरक्षित आहे, याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या इंग्रजी पत्रात जाहीर पत्र लिहिलं. त्यांच्या संस्थेतल्या एका मुलीला रुग्णालयात नेल्यावर तिचं काय झालं, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती तक्रार चुकीची ठरवून खोडून काढली. रमाबाई मागं हटल्या नाहीत. ज्यांच्या कारभाराबद्दल तक्रार, त्यांनीच ती निकालात काढायची, ही पद्धत तेव्हाही होती. पण एका मराठी बाईनं बंद दारामागचं दुखणं सही करून जगापुढं मांडलं, ही गोष्ट आपण विसरू नये.

सरकारला देखरेख कशी ठेवायची हे माहीत नव्हतं, असंही नाही. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, की प्रत्येक वेड्यांच्या इस्पितळासाठी किमान तीन भेट देणारे सभासद नेमायचे, त्यांतला एक डॉक्टर असावा, आणि त्यांतल्या दोघांनी तरी महिन्यातून एकदा जाऊन सगळं बघावं. प्रत्यक्षात किती ठिकाणी ते झालं हा भाग वेगळा, पण बाहेरच्या माणसानं ठरावीक वेळी आत जायचंच, हा विचार कायद्यात आला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये स्त्रिया आणि मुलांच्या संस्थांना परवाना लावणारा कायदा झाला. १९६० मध्ये अनाथालयं आणि धर्मादाय गृहांवर देखरेखीचा कायदा आला. त्यात ‘गृह’ म्हणजे काय, तर स्त्रिया किंवा मुलं यांच्या सांभाळासाठीची संस्था. नुसतं म्हातारपण त्या व्याख्येत बसलं नाही. म्हातारा माणूस घरातच असणार, असं कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं असावं. उलट १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानं रस्त्यावर हात पसरणाऱ्या म्हाताऱ्याला पकडून भिक्षेकरी गृहात ठेवता येऊ लागलं. म्हणजे निराधार म्हातारपण आधी गुन्हा म्हणून सरकारी दप्तरात आलं.

वृद्धाश्रम चालवणाऱ्या बहुतेक संस्था विश्वस्त संस्था असतात, आणि त्यांच्यावर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणं धर्मादाय आयुक्तांची नजर असते. ती नजर कामाची आहे, पण ती मुख्यतः हिशेबावर, मालमत्तेवर आणि विश्वस्तांच्या वागणुकीवर. पाठीवरची जखम जमाखर्चात दिसत नाही. १९६३ पासून राज्य सरकार स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देत आलं. पुरुषाचं वय ६० आणि बाईचं ५५ धरलं गेलं. १९९५ साली युती सरकारनं ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली, आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत मातोश्री आश्रम उभे राहिले. त्याशिवाय खाजगी, पैसे घेऊन ठेवणारी ठिकाणं वाढत गेली. कुठं मोठी इमारत, तर कुठं भाड्याच्या बंगल्यात दहा खाटा.

या काळात बाहेरच्या देशांत काय चाललं होतं? इंग्लंडमध्ये पीटर टाउनसेंड नावाच्या अभ्यासकानं १७३ वृद्धाश्रम स्वतः जाऊन पाहिले आणि १९६२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. म्हातारी माणसं अजून जुन्या वर्कहाऊसच्याच इमारतींत राहत होती. त्यांनी इमारत बघितली, जेवण बघितलं, आणि त्याच्या पुढं जाऊन माणसांना दिवसभर करायला काही आहे का, कोणाशी बोलायला आहे का, हेही विचारलं. अमेरिकेत १९७० च्या दशकात आश्रमवासीयांच्या तक्रारी ऐकणारे खास लोक नेमायला सुरुवात झाली. त्यांत स्वयंसेवकही असतात. १९८७ च्या तिथल्या कायद्यानं तीन गोष्टी पक्क्या केल्या. तपासणी न कळवता करायची, तपासणीची बातमी आधी फोडणाऱ्याला दंड, आणि तक्रार केली म्हणून आश्रमवासीयाचा सूड घ्यायला मनाई. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं लागतील.

आपल्याकडं मोठं वळण आलं ते २००७ साली. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा संसदेनं केला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला आणि २०१० मध्ये नियम झाले. मुलांकडून पोटगी मागता येते, हे त्यातलं आपल्याला माहीत असतं. पण आणखीही पुष्कळ आहे. म्हाताऱ्या माणसाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं कुठं सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकार जिल्ह्यात किमान एक, १५० निराधारांना पुरेल असा आश्रम काढू शकतं, आणि आश्रमांतल्या सोयींचा दर्जा ठरवू शकतं. नियमांप्रमाणं आश्रमांच्या कामावर देखरेख हे जिल्हाधिकाऱ्यांचं काम. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यानं ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडं जायचं, हेही त्यातच.

पण कायद्यातला ‘शकतं’ हा शब्द फार पळवाटीचा. १३ डिसेंबर २०१८ रोजी अश्विनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती आधी गोळा करा. म्हणजे अकरा वर्षांनंतरही साधी मोजदाद झाली नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं. त्यात अशा प्रत्येक गृहाची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ते मंजूर झालं नाही, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा विधेयकही गळालं.

आता आमच्या माहितीतली एक हकीकत सांगतो. गावाचं, आश्रमाचं, कचेरीचं नाव घेत नाही. आमच्या भागातली एक विधवा मावशी, मूलबाळ नाही, पुतण्या मुंबईला. त्यानं तिला तालुक्याबाहेरच्या एका आश्रमात ठेवलं, महिन्याचे पैसे न चुकता पाठवले. आठेक महिन्यांनी भावकीतली एक बाई भाकरी आणि खरडा घेऊन भेटायला गेली. मावशी अर्धी झालेली. कूस बदलताना कण्हली, म्हणून लुगडं सारून बघितलं, तर माकडहाडापाशी खोल जखम. बाईनं विचारलं, तर व्यवस्थापक म्हणाले, “इथं आणून टाकलं तेव्हा कुठं होता?” आणि मावशी हळूच म्हणाली, “काय बोलू नगंस बाई. मला हितंच ऱ्हायाचंय.”

मैत्रिणींनो, या वाक्यात सगळा इतिहास आहे. जिला दुसरीकडं जायला जागा नाही, ती तक्रार करत नाही.

आम्ही बचत गटातल्या काही जणी बसलो आणि कागद केला. कोणत्या तारखेला काय दिसलं, कोण हजर होतं, एवढंच लिहिलं. मावशीला विचारून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. अर्ज एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत फिरला. शेवटी तपासणी झाली, पण आधी कळवून. त्या दिवशी नव्या चादरी होत्या, फिनेलचा वास होता. साहेबांनी व्यवस्थापकांसमोरच विचारलं, “आजी, काही त्रास?” मावशी म्हणाली, “न्हाय बा.” तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल आला.

आम्ही दुसरा अर्ज दिला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. मागणी तीनच गोष्टींची केली. न कळवता या. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाची पाठ बघा. आणि आश्रमाच्या माणसांना बाहेर ठेवून एकेकाशी बोला. या वेळी आलेल्या बाईंनी ते केलं. आणखी दोघांना जखमा निघाल्या. रात्रीच्या हजेरीत कितीतरी दिवस कोरे होते, कारण तीसेक माणसांना रात्री सांभाळायला एकच मुलगी, आणि तीही रोज येत नव्हती.

आश्रमाची बाजूही ऐकली पाहिजे. काही घरांनी माणूस ठेवून पत्ता बदलला होता, पैसे बंद केले होते, फोन उचलत नव्हते. त्या माणसांना आश्रमानं रस्त्यावर काढलं नव्हतं, हे खरं. म्हणून आश्रम बंद करा, असं आम्ही म्हटलं नाही. तीस म्हाताऱ्यांना कुठं नेणार? रात्रीची बाई नेमणं, खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलून वहीत सही करणं, महिन्याला वजन घेणं, एवढं ठरलं. आमच्या दोघी जणी आता आळीपाळीनं महिन्यातून एकदा जातात. मावशीची जखम भरायला चार महिने लागले. ती तिथंच आहे, तिच्या मर्जीनं.

ऐकणाऱ्या मैत्रिणींसाठी चार उपयोगाच्या गोष्टी. आपलं माणूस आश्रमात असेल, तर ठरलेल्या वेळेखेरीज कधीतरी अवेळी जा. पाठ, टाचा, ओठ आणि पाण्याचा तांब्या बघा. दिसलं ते तारखेसह लिहा. लेखी अर्ज जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण कार्यालयाला द्या, पोच घ्या. संस्था विश्वस्त असेल, तर एक प्रत धर्मादाय कार्यालयाला. पोटगीचा प्रश्न असेल, तर प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण आहे. तिथं वकील लागत नाही. कोर्टाचं काम पडलं, तर विधी सेवा समितीकडून कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. राज्य मानवाधिकार आयोगाकडं अर्ज करायचा तर घटनेपासून एका वर्षाच्या आत करा. त्याला फी नाही. आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकटचा फोन क्रमांक आहे. तो घरातल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

अँडोव्हरच्या त्या सभासदापासून रमाबाईंच्या पत्रापर्यंत, आणि १९१२ च्या भेटसभासदांपासून आजच्या अर्जापर्यंत एकच गोष्ट दिसते. कायदा आल्यानं आश्रमाचं दार उघडत नाही. कोणीतरी नेमानं जाऊन ते वाजवावं लागतं. वर्षानुवर्षं घरातल्या म्हाताऱ्यांची कूस आपण बायकांनीच बदलली. कूस बदलली आहे की नाही, हे आपल्या नजरेला एका क्षणात कळतं. ती नजर आता घराबाहेरही वापरू या. पुढच्या महिन्यात जवळच्या आश्रमात जायचं ठरवा, दोघी-तिघी मिळून जा, आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.